गाडी दारात आली, तिची काळजी कुणाची?

घरात विजेचं काही बिघडलं तर ते सर्वांत आधी आपल्याला कळतं. मिक्सरचा प्लग गरम लागला, फ्रिजला हात लावताच मुंग्या आल्या, गीझर लावला की दिवे मंद होऊ लागले, की आपण लगेच वायरमनला बोलावणं धाडतो. पण दारात उभ्या असलेल्या मोटारीचं काही बिघडलं, तर मात्र आपण म्हणतो, "ते यांचं खातं!" गॅरेजवालाही आपल्याला पाहून म्हणतो, "ताई, साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." आणि गंमत अशी, की त्याच गाडीत आपण आपली मुलं, सासूबाई, भाज्यांच्या पिशव्या असा सगळा संसार भरून निघतो!

तेव्हा आज गाडीबद्दल बोलू या. घाबरू नका, इंजिन उघडायला सांगत नाही. घरातली वीज जशी आपण ओळखतो, तशीच गाडीतली वीज ओळखायची, एवढंच.

सकाळी गाडी "कुर्रर्र" करून गप्प बसते

शाळेची वेळ, मुलं दप्तरं घेऊन आत बसलेली, आणि गाडी सुरू होत नाही. बहुतेक वेळा दोष बॅटरीचा असतो. बॅटरीचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षांचं. गाडी फक्त रविवारी बाहेर निघत असेल, तर ती आणखी लवकर संपते. आतला दिवा रात्रभर जळत राहिला, तरी सकाळी तोच प्रकार. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-तीस मिनिटं रस्त्यावर फिरवावी. नुसती जागच्या जागी दोन मिनिटं चालू करून बंद केली, तर बॅटरी भरण्याऐवजी उतरतेच.

वाशी, नेरूळ, बेलापूर असं आपलं नवी मुंबईचं राहणं खाडीकाठचं. खारट, दमट हवेत बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमते आणि वीज नीट वाहत नाही. उपाय स्वयंपाकघरातलाच आहे. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशाने टोकं घासायची, कोरडी पुसायची आणि वर व्हॅसलीनचा हलका हात द्यायचा. मात्र गाडी बंद हवी. आधी वजा खुणेची तार सोडवायची आणि लावताना ती सर्वांत शेवटी लावायची. आणि मैत्रिणींनो, हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठ्या काढून ठेवल्याशिवाय बॅटरीला हात लावू नका. सोन्याची बांगडी एका टोकाला आणि गाडीच्या पत्र्याला एकदम टेकली, तर क्षणात लाल होते आणि मनगट भाजतं. बॅटरीतून पेटणारा वायूही निघतो. दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा, पण उघड्या बॉनेटजवळ उदबत्ती किंवा निरांजन नको.

फ्यूजऐवजी तार कधीच नको

हॉर्न बंद, काच वर जात नाही, एका बाजूचा दिवा गेला, ही रोजची तक्रार. पुष्कळदा एखादा छोटा फ्यूज उडालेला असतो. हे फ्यूज रंगांवरून ओळखतात: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जो गेला त्याच रंगाचा घालायचा. तो पुन्हा पुन्हा उडत असेल, तर तो आपल्याला काहीतरी सांगतो आहे. कुठे तरी तार घासली गेली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा पाणी शिरलं असेल. अशा वेळी "मोठा फ्यूज टाकून देतो, मग त्रास नाही" असं म्हणणाऱ्या कारागिराला हात जोडा आणि दुसरीकडे जा.

हौसेने बसवलेले जास्तीचे दिवे, मोठे भोंगे आणि गाण्यांची मोठी यंत्रं हेही एक कारण. एक सोपा हिशेब सांगते. मूळचे ६० वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात. त्यांच्या जागी १०० वॉटचे बसवले, तर जवळजवळ १७ अँपिअर ओढतात. तार मात्र तीच जुनी! ती जवळजवळ पावणेतीनपट तापते. पंख्याच्या प्लगावर गीझर लावावा, तसा हा प्रकार. जास्तीचं काही बसवायचंच असेल, तर वेगळी तार, वेगळा फ्यूज आणि रिले घालूनच.

नवी गाडी आहे म्हणजे निर्धास्त राहावं, असंही नाही. मार्च २०१० मध्ये मुलुंडला शोरूममधून घरी नेत असलेली कोरी करकरीत नॅनो रस्त्यातच पेटली. आतली माणसं वेळेवर उतरली म्हणून बचावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने सगळ्या नॅनो गाड्यांना जादा संरक्षण मोफत बसवून देण्याचं जाहीर केलं. म्हणून गाडीत जळकट वास आला की "घरी जाऊन बघू" नको. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आधी मुलांना उतरवा आणि सगळे लांब जाऊन उभे राहा. बॉनेट उघडू नका, कारण वारा लागला की आग भडकते. मग १०१ किंवा ११२ ला फोन करा.

विजेच्या स्कूटरची काढता येणारी बॅटरी घरात रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजला आणि गेला. चार्जर तिचाच, मूळचा हवा, आणि माणसं जागी असताना, मोकळ्या जागेत.

मूल कुठे बसतं?

आता ज्यासाठी मुख्यतः हा विषय घेतला, ते सांगते. मन घट्ट करून वाचा.

२१ डिसेंबर २०२४ च्या रात्री आपल्या वाशीत एक मोठी गाडी दुभाजकावर आदळली आणि तिचा मागचा भाग उसळून मागून येणाऱ्या मोटारीच्या बॉनेटवर येऊन पडला. त्या मोटारीतल्या एअरबॅग फुगल्या. पुढच्या सीटवर वडिलांशेजारी सहा वर्षांचा मुलगा बसला होता. तो वाचला नाही. एअरबॅग उघडल्याने त्याला मार बसला, असं बातम्यांत आलं. मोठ्यांचा जीव वाचवायला केलेली वस्तू लहानग्याला भोवली. त्या घरावर बोट ठेवायला हे सांगत नाही. पुढे बसायचा हट्ट कुठलं मूल करत नाही, आणि जवळच तर जायचंय म्हणून आपण कितीदा तो पुरवत नाही?

एअरबॅग म्हणजे उशी नव्हे. धडक बसताच वीज जाते, आत वायू तयार होतो आणि सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पिशवी फुगते. त्या वेळी ती बुक्कीसारखी येते. मोठ्या माणसाच्या ती छातीवर बसते, मुलाच्या तोंडावर आणि मानेवर. म्हणून बारा-तेरा वर्षांपर्यंतचं मूल मागेच बसवायचं. बाळासाठी मागे तोंड करून लावायची सीट असते, ती एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. पुढे बसून बाळ मांडीवर घेणं तर नकोच नको. ताशी ४० किलोमीटरने धडक म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं. मूल मांडीवर घेऊन आपण तिथून उडी मारू का? धडकेत आईचे हात कितीही घट्ट असले तरी सुटतात, आणि आईचाच भार मुलावर येतो.

गाडी चालवत असाल, तर छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभराहून थोडं अधिक, म्हणजे २५ सेंटिमीटर तरी अंतर ठेवा. डॅशबोर्डवर जिथे "एअरबॅग" अशी अक्षरं आहेत, त्या झाकणावर गणपतीची मूर्ती, अत्तराची बाटली, फोनचा स्टँड काही चिकटवू नका. पिशवी उघडली तर त्या वस्तू गोळीसारख्या सुटतात. बाप्पाला मनात ठेवा, नाहीतर दुसरीकडे जागा द्या.

आणि पट्टा! ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची भारी गाडी आदळली. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, ते गेले. पट्टा मागेही बांधायचा असतो. कायद्याने दंड १,००० रुपये आहे आणि चौदा वर्षांखालच्या मुलालाही पट्टा किंवा त्याची वेगळी सीट हवीच. पण दंडासाठी नव्हे, जिवासाठी बांधा. साडी चुरगळते, पदर अडकतो, हे मान्य. पदर पट्ट्याखालून सारखा करून घ्या. दिवस गेलेले असतील, तर खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवरून, आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून घ्यायचा.

पट्टा नसला की गाडी "टिंग टिंग" करते म्हणून खोबणीत नुसती क्लिप अडकवायची चाल निघाली होती. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना या क्लिपा विकणं बंद करायला लावलं. आपल्या गाडीत अशी क्लिप असेल, तर आजच फेकून द्या.

दिवा विझला का, ते बघा

किल्ली फिरवली, की समोर बरेच दिवे लागतात आणि काही क्षणांत विझतात. त्यांतला एक बसलेल्या माणसाच्या चित्राचा, पोटापुढे गोळा असलेला, तो एअरबॅगचा. तो विझला नाही, तर समजा की ती यंत्रणा बिघडली आहे आणि गरजेच्या वेळी पिशवी कदाचित उघडणारच नाही. पुष्कळदा कारण क्षुल्लक असतं. सीटखाली पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, चपला कोंबून तिथली जोडणी सैल होते. तिथल्या पिवळ्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना कुणालाही हात लावू देऊ नका, कंपनीच्या गॅरेजातच न्या. बॅटरीचा लाल दिवा चालू गाडीत लागला, तर बॅटरी भरली जात नाहीये. एसी, रेडिओ बंद करून जवळच्या गॅरेजला जा.

दोष कधी कारखान्यातलाच असतो. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या एअरबॅगचा कंट्रोलर तपासायला परत बोलावल्या होत्या. असं काम फुकट करून मिळतं. गाडीच्या पुस्तकातला चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घातला, की आपली गाडी यादीत आहे का ते कळतं. जुनी गाडी घेतली असेल, तर हे नक्की बघा.

पाणी आलं तर

२६ जुलै २००५ कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि बंद गाड्यांमध्ये अडकूनही माणसं गेली. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला मोबाइलचा नकाशा पाहत निघालेल्या एका बाईंची गाडी पुलावर जाण्याऐवजी पुलाखालून थेट खाडीत गेली. सागरी पोलिसांनी धावून जाऊन त्यांना वाचवलं.

पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत दिसलं, की मागे फिरा. गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा सुरू करू नका, इंजिनात पाणी शिरतं. एसी लावून आत बसूनही राहू नका, विषारी वायू आत येऊ शकतो. वीज चालू आहे तोवर पहिल्यांदा काच खाली करा. पट्टे सोडा, मुलांना आधी बाहेर द्या. काच उतरलीच नाही, तर सीटवरची डोक्याची उशी उपटून तिच्या लोखंडी दांड्याने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. पुढच्या काचेवर शक्ती घालवू नका, ती फुटून पडत नाही.

मागच्या दाराच्या कडेला चाइल्ड लॉकचा छोटा खटका असतो. तो लावला, की ते दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं. मागे आपणच बसतो, तेव्हा हे आपल्यालाच ठाऊक हवं. गाडीची किल्ली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका, आणि बंद गाडीत खेळू देऊ नका. एप्रिल २०२४ मध्ये अँटॉप हिलला सात आणि पाच वर्षांची भावंडं उभ्या असलेल्या गाडीत अडकून गुदमरली.

येत्या रविवारी

चहा झाला, की दोघांनी मिळून खाली जा. किल्ली फिरवून दिवे विझतात का पाहा. मागचे तिन्ही पट्टे सीटखालून ओढून काढा. बहुतेक घरांत ते गाडी आल्यापासून तिथेच गाडलेले असतात. चाइल्ड लॉक लावून, काढून बघा. सीटखालचं सामान काढा. गाडी सीएनजीची असेल, तर नळकांड्यावरची पट्टी वाचा. तिची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

आणि यांना सांगताना "तुम्ही गाडी नीट चालवत नाही" अशी सुरुवात करू नका, सांगितलेलं तिथेच संपेल. वाशीतसुद्धा चूक समोरच्या गाडीची होती. "तुमच्या चालवण्यावर भरवसा आहे, समोरच्याच्या नाही," असं म्हणा. मुलं कुरकुरतील, "पुढे बसतो ना!" म्हणतील. त्या वेळी आपण लसीच्या दिवशी असतो, तशाच ठाम राहू या. मूल मागच्या सीटवर, पट्टा लावून. मगच गाडी सुरू.