पीएलसीचा पासवर्ड कोणाच्या खिशात?

खामगाव, मलकापूर, नांदुरा पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांपुढे पीएलसीच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाच्या, पासवर्डचा विषय काढला की ऐकू येते, "आमच्या प्रेसमध्ये चोरण्यासारखं आहे काय? पासवर्ड टाकून पॅनलवाला आम्हालाच अडवतो." दुसरी तक्रार रास्त आहे, पण पहिला प्रश्न फसवा.

दार पक्के बंद झाल्याशिवाय रॅम (कापूस दाबणारा दट्ट्या) हलू नये, ही अट 170 किलोची गाठ बांधणाऱ्या प्रेसच्या प्रोग्राममध्येच असते. ऐन हंगामात, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या तुंबलेल्या असताना दार बंद असल्याची खूण देणारा लिमिट स्विच दगा देतो. कोणीतरी लॅपटॉप जोडून ती अट 'तात्पुरती' काढतो आणि मग ती परत घालायची राहून जाते. पासवर्ड आधी या घरच्या उपद्व्यापासाठी हवा, परका हल्लेखोर नंतरचा. तोही काल्पनिक नाही. नोव्हेंबर 2023मध्ये अमेरिकेतल्या ॲलिक्विपाच्या पाणीपुरवठ्यातला युनिट्रॉनिक्स पीएलसी असाच परक्यांच्या हाती गेला. त्यानंतर तिथल्या सरकारी यंत्रणेने कारखान्यातून येणारा '1111' हा पासवर्ड बदला, असे बजावले.

"विसरला तर क्रॅक मारू," हा दुसरा युक्तिवाद तर महागात पडणारा. जुलै 2022मध्ये ड्रॅगोस या कंपनीने डायरेक्टलॉजिक 06 पीएलसीचा पासवर्ड काढून देणारे असेच एक सॉफ्टवेअर तपासले. ते पासवर्ड खरोखर द्यायचे, आणि संगणकात सॅलिटी नावाचा व्हायरसही सोडायचे.

पॅनलवाला म्हणतो, प्रोग्राम माझी मेहनत आहे. असेल, पण बिल चुकते झाल्यावरही मालकाला ओलीस धरण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम 52 प्रोग्रामच्या कायदेशीर धारकाला बॅकअप प्रत ठेवू देते. आणि बॅकअप नसेल तर सुटका कसली? एस7-1200 या पीएलसीमध्ये रिकामे ट्रान्सफर कार्ड घालून हरवलेला पासवर्ड हटवता येतो, पण सोबत प्रोग्रामही पुसला जातो.

म्हणून ऑर्डरमध्येच लिहून घ्यावे: मूळ प्रोजेक्ट फाइल आणि सगळे पासवर्ड हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. पासवर्ड बंद पाकिटात मालकाच्या तिजोरीत राहावेत. फिटर बदलला की तेही बदलावेत. दिवाळीआधी, प्रेस रिकामी असताना, त्याच फाइलवरून प्रोग्राम एकदा पुन्हा चढवून पाहावा. आणि पहिली गाठ बांधण्यापूर्वी, रॅमजवळ कोणी नाही याची खात्री करून, दार उघडे ठेवून स्टार्टचे बटण दाबावे. रॅम हलला, तर पॅनलवाल्याला तिथूनच फोन लावावा.