कोणता जिवाणू, कोणाला, कशासाठी?

प्रोबायोटिकच्या जाहिरातींचा युक्तिवाद ठरलेला आहे. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा मोठा वाटा आतड्यात असतो. तिथे ‘चांगले’ जिवाणू पोचले की त्या बळावतात. मग संसर्ग जवळ फिरकत नाही. यातलं पहिलं विधान खरं आहे. उरलेली दोन त्याच्या आडोशाने खपवली जातात.

मुळात प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी, असं नसतं. ती अंगावर उलटली की आमवातासारखे आजार होतात. आतड्याला तर अन्नातली परकी प्रथिनं सोसायची आणि रोगजंतू अडवायचे, अशी दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात. तेव्हा नुसत्या ‘वाढवते’ या शब्दाला वैद्यकात अर्थ नाही.

कायद्यापुढेही हा दावा टिकलेला नाही. डॅनन कंपनीचं ‘डॅनअ‍ॅक्टिव्ह’ हे प्रोबायोटिक पेय प्यायल्याने सर्दी-फ्लू टळतो, अशी जाहिरात अमेरिकेत चालू होती. २०१० साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ती थांबवायला लावली. ३९ राज्यांशी तडजोड करताना कंपनीला २ कोटी १० लाख डॉलर मोजावे लागले.

‘फायदा नाही झाला तरी अपाय काय?’ हा पुढचा बचाव. त्याचं उत्तर नेदरलँड्समध्ये मिळालं. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांना संसर्ग होऊ नये म्हणून त्यांच्यातल्या एका गटाला सहा जिवाणूंचं मिश्रण देण्यात आलं, दुसऱ्याला नाही. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. संसर्गाचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. मृत्यू मात्र प्रोबायोटिक गटात १६ टक्के आणि दुसऱ्या गटात ६ टक्के. नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता, आणि ते नऊही जण प्रोबायोटिक घेणारेच होते.

एवढं वाचून ‘म्हणजे सगळंच थोतांड’ असं म्हणणारेही तितकेच चुकतात. ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने साडेचार हजारांवर नवजात बाळांची चाचणी घेतली. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचं एक ठरावीक वाण, त्याला पोसणाऱ्या शर्करेसह, फक्त सात दिवस दिलं. पहिल्या दोन महिन्यांत जंतुदोष किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ साली ‘नेचर’ने हे छापलं. विशेष म्हणजे श्वसनमार्गाचे संसर्गही घटले. जिवाणू आतड्यात आणि लाभ छातीत, हे केवळ आतड्यात रोगजंतूंची जागा अडवून होत नाही; प्रतिकारयंत्रणेला कुठेतरी इशारा पोचत असणार.

प्रतिजैविकांमुळे मुलांना लागणाऱ्या जुलाबांबाबतही पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. कॉक्रेनच्या २०१९च्या आढाव्यात हे प्रमाण १९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलेलं दिसतं. याउलट, जुलाब-उलट्यांनी इस्पितळात आणलेल्या अमेरिकी मुलांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचं नावाजलेलं वाण देऊनही २०१८च्या मोठ्या चाचणीत काही फरक पडला नाही.

ओडिशातली बाळं जवळपास पूर्ण दिवसांची, निरोगी आणि अंगावर पिणारी होती. मुदतीच्या फार आधी जन्मलेल्या बाळांना तोच हिशेब लावता येत नाही. अशा एका बाळाचा प्रोबायोटिकमधल्याच जिवाणूच्या संसर्गाने मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इस्पितळांना सावध केलं. म्हणूनच खोक्यावर वाणाचं पूर्ण नाव, मात्रा आणि कोणत्या रुग्णांत कोणत्या आजारासाठी ते तपासलं गेलं, हे छापणं सक्तीचं हवं; ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ ही ओळ तिथून काढून टाकावी.