हात काळे झालेच पाहिजेत!

आमच्या सोसायटीच्या फलकावर गेल्या महिन्यात एक सूचना लागली : ‘वाहनतळात गॅरेजची कामे करू नयेत.’ सूचनेत नाव कोणाचेच नव्हते. परंतु सव्वीस बिऱ्हाडांत रविवारी सकाळी पाटावर बसून मोटारसायकलीची आतडी बाहेर काढणारा इसम मी एकटाच असल्यामुळे ती कोणाला उद्देशून आहे हे ओळखायला फारशी बुद्धी लागत नव्हती. सेक्रेटरी गृहस्थ सज्जन आहेत. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “काका, रागावू नका. एक तर तेलाचे डाग पडतात. आणि दुसरे म्हणजे, तुमच्यासारख्या माणसाला हे शोभत नाही.”

डागांचा गुन्हा मी तिथल्या तिथे कबूल केला आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याचा एक जुना ट्रे गाडीखाली सरकवला. पण ते ‘शोभत नाही’ मात्र घशात अडकून राहिले आहे. फराळाचे ताट बाजूला ठेवून चार घटका निवांत वाचणाऱ्या मंडळींसमोर त्याचा एकदा निकाल लावावा, म्हणून ही लेखणी उचलली.

आधी आरोपीची ओळख करून देतो. गाडी जावा, अडीचशे सी.सी., १९६६ सालची. वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालव्याकाठच्या कच्च्या रस्त्यांवरून तिने त्यांना वर्षानुवर्षे फिरवले. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात ‘जावा’ हे नाव तयार झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या कारखान्यात ती १९६१ पासून बनू लागली, पुढे तिची येझदी झाली, आणि १९९६ साली कारखान्याला कुलूप लागले. २०१८ पासून जावा नावाच्या नव्या गाड्या पुन्हा निघाल्या खऱ्या. पण त्या फोर-स्ट्रोक, त्यांचे भाग हिच्या कामाचे नाहीत. म्हणजे माझी गाडी गेली तीस वर्षे पोरकीच आहे. तिचे दुखणे-खुपणे पाहायचे तर घरच्यांनीच पाहिले पाहिजे.

आणि ते पाहता येते, हीच तर तिची थोरवी. एक सिलिंडर, एक पिस्टन. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. कोणती वस्तू कोणते काम करते हे डोळ्यांना दिसते, बोटांना कळते.

“पण त्यासाठी मिस्त्री आहेत ना!” हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर मला दिवे घाटात मिळाले. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला सासवडला बहिणीकडे निघालो होतो. घाटाच्या मध्यावर गाडी फुरफुरली आणि बंद पडली. अर्धा तास थांबलो, इंजिन निवले, एका किकला सुरू झाली. दोन वळणे चढली, पुन्हा बंद. ओवाळणीचे तबक तिकडे ताटकळत, आणि भाऊराय इकडे दगडावर बसून खाली मस्तानी तलावाकडे पाहत! परतल्यावर गाडी एका गॅरेजात दिली. तिथल्या मुलाने प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर धुतला, बिल दिले आणि सांगितले, “जुनी आहे, तापली की बंद पडणारच. काढून टाका.”

थंड असताना चालते आणि तापली की मरते, एवढी स्पष्ट तक्रार गाडी स्वतःच्या तोंडाने सांगत होती. ऐकणारा हवा होता. एका रात्री तिला भरपूर तापवले, झाकण काढले, वाहनतळातला दिवा मालवला आणि किक मारून पाहिली. प्लगवर ठिणगी मरतुकडी, आणि कॉन्टॅक्ट पॉइंटवर मात्र फटाक्यासारखी! पॉइंट उघडतात त्या क्षणी तिथे उसळणारी वीज कंडेन्सरने पोटात घ्यायची असते. तो कामातून गेला की वीज पॉइंटवरच उधळते, पॉइंट काळे पडतात आणि कॉइलकडून जोरदार ठिणगी निघत नाही. कंडेन्सर थंड असताना कसाबसा तग धरतो आणि तापला की मान टाकतो. करंगळीएवढी वस्तू! नवी आणली, पॉइंट घासले, फीलर गेजने त्यांत सुमारे ०.४ मिलिमीटरची फट ठेवली. पुढच्या भाऊबीजेला एका दमात घाट चढलो.

यात त्या गॅरेजच्या मुलाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्याला शिकवणारे कोणी उरले नाही, आणि ते का उरले नाही याचा जबाब त्याने नव्हे, मीच द्यायला हवा.

ते असे. पूर्वी ही गाडी मी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेत असे. सगळे त्यांना चाचा म्हणत. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतले बेअरिंग कसे आहे हे सांगत. १९९५च्या सुमारास, मुलगा सातवीत असताना, त्याला एकदा बरोबर नेले. तासभर तो चाचांच्या शेजारी उकिडवा बसून पाने देत होता, बॅटरी धरत होता. इतका रमलेला मी त्याला क्वचितच पाहिला असेन. निघताना त्याचे काळे हात पाहून मी म्हणालो, “अभ्यास कर, नाहीतर जन्मभर असेच पाने घेऊन बसावे लागेल.” चाचांच्या देखत म्हणालो. ते खाली मान घालून पाना पुसत राहिले. पुढच्या खेपेला त्यांचा मुलगा दुकानात दिसेना, म्हणून सहज विचारले. चाचा म्हणाले, “कंप्यूटरच्या क्लासला घातला, साहेब. त्याला मीही तुमचेच सांगितले.”

चाचा गेले, दुकान गेले आणि त्या कानातली विद्याही त्यांच्याबरोबर गेली. माझा मुलगा शिकला, मोठा झाला, चांगले कमावतो. घरातला नळ गळू लागला की मोबाइलवरून माणूस बोलावतो. वाचकहो, या एका वाक्याने मी किती घरांत काय काय बंद पाडले याचा हिशेब मला लागत नाही. आणि हे वाक्य माझ्या एकट्याचे आहे असे तुम्हालाही वाटत नसावे.

आपली गंमत पाहा. खंडेनवमीला आपण हत्यारे मांडतो, पाना-पक्कडीला हळदकुंकू वाहतो. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पूजा वर्षातून एक दिवस, आणि उरलेले सर्व दिवस ती हत्यारे हातात धरणाऱ्याची कीव! ज्या वस्तूला आपण देव मानतो तिला हात लावणे आपल्याला शोभत नाही, हे कोणते शास्त्र?

दुसरा आक्षेप माझ्या पुतण्याचा. तो म्हणतो, “काका, हिला ‘विंटेज’ करून घ्या. क्रोम चकचकीत करू, प्रदर्शनात ठेवू.” २०२१ साली तसा नियम झाला आहे. पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. मात्र मग ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर घ्यावा. पण भाऊबीजेला बहिणीकडे नेता येत नाही ती गाडी मला कशाला? मी दर पाच वर्षांनी साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करतो. जिवंत माणसाची तसबीर करून भिंतीला लावण्याची घाई आपण का करावी?

तिसरा आक्षेप धुराचा, आणि तो खरा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात थोडे ताजे मिश्रण न जळताच बाहेर निसटते. ऑइल जळते ते निराळेच. म्हणून मी तिला रोज पिटाळत नाही, सायलेन्सरमधला कार्बन वेळेवर काढतो आणि ऑइल मापून घालतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि जुने रबर फुगवते; तेव्हा गाडी उभी करण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ देतो. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती धूळ तोंडाने कधी फुंकत नाही. ओल्या फडक्याने पुसतो. निगा म्हणजे लाड नव्हेत; आपल्या वस्तूचे दोष माहीत असणे आणि त्यांची जबाबदारी घेणे, याला मी निगा म्हणतो.

नव्या वस्तू आपल्याला ही जबाबदारी घेऊच देत नाहीत. त्या चिकटवून बंद केलेल्या, बिघडल्या की “नवीनच घ्या.” सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली. फार चांगले झाले. पण हक्क कागदावर मिळून उपयोग काय, पाना धरायला हात पुढे येणार नसेल तर? पैसे मोजून आपण वस्तूचे मालक होतो खरे. पण जी वस्तू उघडून पाहण्याची आपल्याला लाज वाटते, तिच्या दारी आपण पाहुणेच.

असो. फलकावरच्या सूचनेखाली मीही बारीक अक्षरांत एक सूचना लावून आलो आहे : ‘वसुबारसेला सकाळी आठ वाजता पॉइंट घासणे व सायलेन्सर साफ करणे. मुलांना जुने कपडे घालून पाठवावे.’ काल संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. सेक्रेटरींची सहावीतली मुलगी उभी होती. “आजोबा, फक्त मुलांनीच यायचं का?”

तिच्यासाठी दुसरा पाट काढून ठेवला आहे. ट्रे मात्र एकच आहे. फरशीवर डाग पडलाच, तर या खेपेला सेक्रेटरींनी आधी आपल्या घरी चौकशी करावी.