जपानी घरांत आपली मुलगी

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांतून एका गृहस्थांचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांची सोळा वर्षांची कन्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका योजनेंतून वर्षभर जपानांत शिकावयास जावयाची आहे, आणि तेथें ती वसतिगृहांत न राहतां एका जपानी कुटुंबांत राहील. परक्या घरीं, निराळ्या चालीरीतींच्या व निराळ्या अन्नाच्या माणसांत मुलीस एकटें धाडावें काय, असा त्यांचा प्रश्न आहे. खरें कारण मात्र पत्राच्या शेवटीं मागाहून जोडलेल्या दोन ओळींत आहे. मुलीच्या आजीबाई संमति देत नाहींत. आणि त्यांना भय वाटतें तें अन्नाचें नव्हे, भूकंपाचें.

हें भय हंसण्यावारी नेण्याजोगें खास नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपतीचें विसर्जन आटोपून गांवेंच्या गांवें निजलीं असतां, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली, आणि लातूर व उस्मानाबाद (आजचें धाराशिव) या दोन जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. ज्या सास्तूर गांवाची त्या वेळीं दुर्दशा झाली, तें आज याच लोहारा तालुक्यांत आहे. ज्यांनीं ती पहांट पाहिली, त्यांच्या कानीं जपानचें नांव पडतांच दुसरें काय आठवावें? अशा बाईंना जुन्या वळणाच्या म्हणून गप्प बसविणें आम्हांस मुळींच प्रशस्त वाटत नाहीं.

परंतु त्या पहांटे माणसें कशानें मेलीं, याची चर्चा घरांत मोकळेपणीं झाली पाहिजे. तो धक्का जगांतील अतिप्रचंड धक्क्यांपैकीं नव्हता. त्याहून कितीतरी मोठे धक्के जपाननें सोसले आहेत. प्राण घेतले ते आपल्याच घरांनीं. मातींत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, आणि वर माळवदाची मणांवारी माती! उन्हाळ्यांत हीं घरें थंडगार राहत, म्हणून पिढ्यान् पिढ्या आपण त्यांची वाखाणणीच करीत आलों. जपानासही हें शहाणपण फुकट मिळालेलें नाहीं. १७ जानेवारी १९९५ रोजीं कोबे शहर व त्याच्या आसपास सहा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखीं पडले. त्यांतील पुष्कळ जण जड कौलांच्या जुन्या लाकडी घरांखालीं चिरडले गेले. उलट १९८१ सालीं कडक केलेल्या नियमांप्रमाणें जीं घरें बांधलेलीं होतीं, तीं बहुतेक उभीं राहिलीं. तेव्हां यजमान कुटुंबास लिहावयाच्या पहिल्याच पत्रांत, आपलें घर कोणत्या सालीं बांधलें, आणि तें समुद्राकांठीं असल्यास उंचावरची जागा किती दूर आहे, हें निःसंकोच विचारावें. त्या देशांत असा प्रश्न कोणास उद्धटपणाचा वाटणार नाहीं. १९२३ सालीं ज्या दिवशीं तोक्योचा विध्वंस झाला, तो १ सप्टेंबरचा दिवस तेथें दरवर्षीं संकटाची तालीम करण्याचा दिवस म्हणून पाळतात. शाळेंतील मुलेंसुद्धां मेजाखालीं शिरण्याचा सराव करतात. आपल्याकडे एवढा अनर्थ होऊनही किती शाळांत ही तालीम नित्यनेमानें होते, हा प्रश्न आम्ही जातां जातां विचारून ठेवतों.

आतां परक्या घराविषयीं. अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या जून महिन्यांत न्यूयॉर्कच्या बंदरीं उतरल्या, तेव्हां त्यांना घेऊन जाण्यास थिओडिशिया कार्पेंटर या बाई आल्या होत्या. गोपाळरावांचें पत्र एका मिशनरी मासिकांत छापलें गेलें होतें, आणि तें या बाईंनीं १८८० सालीं दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतां सहज वाचलें. पुढें आनंदीबाईंशीं त्यांचा पत्रव्यवहार जडला. त्यामुळें न्यू जर्सीमधील रोझेल येथील त्या घरांत आनंदीबाईंनीं पाऊल टाकलें तें सर्वस्वी अनोळखी म्हणून नव्हे. त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणत. साडी सुटली नाहीं, शाकाहार सुटला नाहीं, धर्म सुटला नाहीं. १८८६ च्या मार्चमध्यें त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला, तेव्हां त्यांची रक्षा मावशींकडे धाडण्यांत आली, व त्यांनीं ती पोकीप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवली. नातें कोठवर जाऊं शकतें, हें यावरून दिसतें. मात्र या नात्याच्या आधीं वर्षांचीं पत्रें आहेत, हें पत्रकर्त्यांनीं ध्यानांत घ्यावें. जपानी शाळेचें वर्ष एप्रिलमध्यें सुरू होतें. हातीं असलेले महिने लिहिण्यांत घालवावे, आणि मुलीबरोबर तिच्या आईनेंही चार ओळी लिहाव्या.

घरांतील रीतींचें म्हणाल, तर आपल्या मुलीस त्यांतील निम्म्या ओळखीच्याच वाटतील. पादत्राणें दाराशींच काढावयाचीं. जेवणापूर्वीं हात जोडून कृतज्ञतेचा एक शब्द उच्चारावयाचा. बाहेरून येतांच 'तादाइमा', म्हणजे 'मी आलें', असें म्हणावयाचें, व घरच्यांनीं त्याला प्रत्युत्तर द्यावयाचें. नवें आहे तें स्नानाचें. अंग बाहेर स्वच्छ धुऊन मगच कढत पाण्याच्या टाकींत बसतात, आणि त्याच पाण्यांत घरचीं सारीं माणसें पाळीपाळीनें उतरतात. टाकींत साबण नेला, किंवा आपलें झाल्यावर पाणी सोडून दिलें, तर यजमानीणबाईंची मोठी पंचाईत होईल!

अन्नाविषयीं मात्र आधींच स्पष्ट लिहिणें बरें. 'मांस खात नाहीं' एवढ्यानें भागत नाहीं, कारण तेथील साध्या भाजीच्या कढणासही बहुधा सुक्या माशाच्या अर्काची चव असते. मासा, त्याचा अर्क व अंडें हे तीन शब्द निरनिराळे लिहावे. बौद्ध मठांतून चालत आलेलें 'शोजिन' नांवाचें निरामिष जेवण जपानांत प्रसिद्ध आहे. तो शब्द पत्रांत घातल्यास अर्थ चटकन् कळेल. भात, सोयाबीनचें पनीर, भाज्या व लोणचीं यांवर वर्ष सहज निभेल. बरोबर शेंगांची चटणी व मेतकूट द्यावें. कुंथलगिरीचे पेढे देण्याचा मोह होईल. पण खव्याचा जिन्नस, प्रवास लांबचा, तेव्हां तो आवरावा.