एफ वन दाबण्याआधी वाचा!

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या काकांचा कॉम्प्युटर भंगारात निघाला होता. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, 2 जीबी रॅम. विंडोज सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. काका म्हणाले, ‘‘भंगारवाल्याला कामून देत नाहीस?’’ मी म्हटलं, ‘‘काका, आठ दिवस थांबा. लिनक्स टाकून बघतो.’’

आठाचे पंधरा झाले, राव!

घरातले फोटो आधी काढून ठेवले. लिनक्स मिंट डाउनलोड केलं, पेनड्राइव्ह बूटेबल केला, बायोसमध्ये जाऊन तो पहिल्या नंबरावर ठेवला. मिंटचा मेन्यू आला. पुढे स्क्रीन काळी. दुसऱ्या दिवशी बसलो तर पेनड्राइव्ह घेईचना, थेट जुनं विंडोज. बायोसमध्ये हार्ड डिस्क पुन्हा पहिली! बदललं. संध्याकाळी लाइट गेली, आली, परत तेच. पेनड्राइव्ह बदलला, पोर्ट बदलला, फाइल पुन्हा उतरवली. मोबाइलचा डेटा संपला, गाडी जागेवरच.

गंमत म्हणजे, उत्तर पहिल्या दिवसापासून स्क्रीनवर होतं. लाइट जाऊन आली की इंग्रजीत एक ओळ यायची : सीमॉस चेकसम एरर, पुढे जायला एफ वन दाबा. मी दाबत होतो, वाचत नव्हतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर 2032, संपला होता. त्यामुळे वीज गेली की बायोस सगळं विसरायचं, तारीखसुद्धा. घड्याळाच्या दुकानातून चहा-पोह्याच्या पैशात नवा सेल आणला, प्लग काढून बसवला. विसरभोळेपणा संपला.

काळ्या स्क्रीनचंही तसंच. जुन्या ग्राफिक्सचं आणि नव्या कर्नलचं जमत नव्हतं. बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा एक शब्द टाकला आणि चित्र उमटलं.

आपण बीसीए, बीएस्सी, इंजिनीअरिंग करतो. पण एरर आली की आपला हात आधी ‘ओके’वर जातो आणि मग सीनियरच्या नंबरवर. एरर म्हणजे मशीन आपल्याला काय दुखतंय ते सांगत असतं. ते वाचायची सवय नव्या लॅपटॉपवर लागत नाही, कारण तिथं सगळं आपोआप होतं. जुनं मशीन अडतं, म्हणून शिकवतं.

आता मुद्द्याचं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 च्या अटींत बरेच जुने प्रोसेसर बसत नाहीत. म्हणजे कॉलेजांच्या लॅबमधले चालू स्थितीतले कॉम्प्युटरही ‘जुने’ ठरणार, कोपऱ्यात जाणार. आणि आपल्याच वर्गातली काही पोरं-पोरी मोबाइलवर कोडिंगचा सराव करतायत. प्राचार्यांनी त्यातले दहा कॉम्प्युटर आमच्या हवाली करावेत. बिघडले तर बिघडू द्या, तीच आमची प्रॅक्टिकल.

लिनक्सवर सगळं चालतं असं नाही. टॅली सरळ चालत नाही, काही परीक्षांची सॉफ्टवेअर विंडोजच मागतात. पण पायथॉन, सी, जावा, डेटाबेस, मराठी टायपिंग सगळं होतं, तेही फुकट. आणि 2017 पासून जगातले पहिले 500 सुपरकॉम्प्युटर लिनक्सवरच चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटातही त्याचंच कर्नल आहे.

आपलं जालना भंगार वितळवून सळई करणारं शहर. टाकाऊतून काय निघतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

काकांचा कॉम्प्युटर आता चुलत बहिणीच्या प्रोजेक्टला लागलाय. परवा भंगारवाला दारात आला होता. काकांनी त्याला फक्त रद्दी दिली.