मार्जाराची माती

आमचें घरगुती मांजर पश्चिम आशियांतील रानमांजरांचें वंशज. मल मातींत पुरणें हा त्याचा स्वभावधर्म होय. अंगण नसलेल्या घरांत त्यासाठीं मातीचें पात्र ठेवावें लागतें. मग माती कोणती घ्यावी?

अमेरिकेंत पूर्वीं राख, वाळू वापरीत. इ. स. १९४७ मध्यें मिशिगन संस्थानांत एडवर्ड लो यांनीं एका शेजारणीस शोषक मातीचे कण दिले, व हा व्यापार सुरू झाला. ही साधी माती स्वस्त. परंतु ती सगळीच वारंवार बदलावी लागते. बेंटोनाइट ही कच्छांतही सांपडणारी मृत्तिका. ती ओली होतांच फुगून गोळा बांधते. तेवढाच काढून टाकावा. मात्र तो शौचकूपांत टाकूं नये, नळ तुंबतो. लहान पिलें माती चाटतात, म्हणून त्यांस लांकडाच्या भुशाच्या वा कागदाच्या गोळ्याच बऱ्या. सुगंधी माती पुष्कळ मांजरांस रुचत नाहीं. मोठ्या मांजरास गंधरहित बेंटोनाइट, हें आमचें मत.

परंतु मातीहून नित्यनेम श्रेष्ठ. मांजराच्या विष्ठेंतून कधीं कधीं टोक्सोप्लाझ्मा नामक जंतु येतो. तो गर्भास घातक ठरूं शकतो. बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास त्यास एक ते पांच दिवस लागतात. म्हणून पात्र प्रत्यहीं स्वच्छ करावें. घरांत सून गर्भवती असल्यास मांजरास हांकलण्याचें कारण नाहीं; तें काम तिजकडून काढून घरांतील पुरुषांनीं करावें, व नंतर साबणानें हात धुवावे. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.