धुलाईयंत्र आणि गच्चीवरची टाकी

गेल्या चैत्रात आमच्या घरी नवे धुलाईयंत्र आले आणि चेन्नईचा आश्विन-कार्तिकातला पावसाळा सुरू होण्यापूर्वीच त्याने आमच्याशी असहकार पुकारला. ही तक्रार काही वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरात चार माणसांचे धुणे रोज निघते, उन्हाळ्यात पाणी टँकरने विकत घ्यावे लागते आणि आईची मनगटे संधिवाताने आखडलेली असतात, त्या घरात ती तशी राहत नाही.

यंत्र दिसावयास देखणे आहे. समोर काचेचे वाटोळे दार, त्याच्या आत चकचकीत पोलादी पिंप, वरच्या बाजूस पंधरा प्रकारच्या धुलाईची चक्री. त्याच्याआधी चौदा वर्षे आमच्याकडे दोन पिंपांचे साधे यंत्र होते; एका पिंपात धुवावयाचे, दुसऱ्यात पिळावयाचे. ते आम्ही भंगारवाल्यास देऊन टाकले. त्या व्यवहाराची आठवण आई हल्ली दिवसातून एकदा तरी करून देते.

नव्या यंत्राचे दुखणे असे की, सकाळी ते सुरळीत चालते. दुपारी लावले तर पाणी घेता घेता मध्येच थांबते आणि तांबडा दिवा लुकलुकवू लागते. दुरुस्तीस आलेल्या तरुणाने नळाला बोट लावले, गच्चीकडे पाहिले आणि "सार, यंत्र चांगले आहे, घर वाईट आहे," असे म्हणून तो निघून गेला. त्याचे म्हणणे खरे होते. यंत्राच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिले आहे की, पाण्याचा दाब निदान तीन मीटर उंचीच्या स्तंभाइतका असावा. आम्ही राहतो सर्वांत वरच्या मजल्यावर. पाण्याची टाकी आमच्याच डोक्यावर, गच्चीला टेकलेली. नळापासून छतापर्यंत दोन मीटर, आणि टाकी काठोकाठ भरली असेल तर आणखी एक. म्हणजे पहाटे मोटार लावून टाकी भरली की जेमतेम तीन मीटर होतात, आणि इमारतीतील बिऱ्हाडांची स्नाने उरकली की तेही राहत नाहीत. खालच्या मजल्यावरील मामींकडे याच जातीचे यंत्र आहे आणि त्यांची काडीचीही तक्रार नाही. त्यांना एक अख्खा मजला अधिक मिळालेला आहे. शहरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांनी यंत्र घेण्यापूर्वी टेपाने ही उंची मोजावी, एवढे तरी या लेखातून पदरात पडावे.

जुन्या यंत्रास दाबाची पर्वा नव्हती. नळाला पाणी नसले तर बादलीने ओतावे. त्याची घडणच निराळी. तळाशी पंख्यासारखी एक तबकडी फिरे, पाणी घुसळे आणि कपडे त्यात तरंगत. या घडणीचे मूळ फार जुने आहे. १९४८ साली हूवर कंपनीने ब्रिटनमध्ये जे छोटे यंत्र काढले, त्यात हीच तबकडी पिंपाच्या कडेस होती आणि कपडे पिळण्यास हाताने फिरवावयाचे रूळ होते. अमेरिकेत तबकडीऐवजी पिंपाच्या मध्यभागी पंखे लावलेला उंच खांब बसवीत. आडव्या पिंपाचे स्वयंचलित यंत्र बेंडिक्सने १९३७ मध्येच दाखविले होते. त्यात पाणी तळाशी थोडेसेच असते. पिंपातील पट्ट्या कपडे वर उचलतात आणि खाली आपटतात. आपल्याकडील धोब्याच्या दगडाशी नाते सांगावयाचे झाले तर ते या घडणीचेच सांगावे लागेल.

आडव्या पिंपाचा एक मोठा गुण मान्य केला पाहिजे. आईचे नऊवारी लुगडे तबकडीच्या यंत्रातून निघे ते दोरखंड होऊन, आणि त्यात माझ्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या गुरफटलेल्या असत. नव्या यंत्रातून ते सुटे निघते. तो पीळ सोडविण्यात आईच्या मनगटांचे जे हाल होत, ते आता वाचले आहेत.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. समोरून उघडणारे यंत्र वरून उघडणाऱ्या स्वयंचलित यंत्राच्या साधारण निम्म्या पाण्यात काम करते, असे विक्रेते सांगतात, आणि ते बहुतांशी खरे आहे. मात्र दोन पिंपांच्या यंत्राशी ही तुलना कोणी करीत नाही. त्यात एकदा केलेला साबणाचा फेस आम्ही तीन वेळा वापरीत असू. आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. उरलेल्या पाण्याने जिना धुतला जाई. २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले, आणि १२ जुलै रोजी जोलारपेटहून ५० वाघिणींची आगगाडी सुमारे २५ लक्ष लिटर पाणी घेऊन विल्लीवाक्कमला आली, त्या दिवसांत आमच्या घरचे धुणे याच पद्धतीने निभावले. स्वयंचलित यंत्र आपले पाणी आपल्या मनाने गटारात सोडते. ते अडविण्यास नळीखाली बादल्या घेऊन उभे राहावे लागते.

शिवाय येथील कूपनलिकांचे पाणी अनेक भागांत जड. अशा पाण्यातील चुन्याचा अंश तापविताच खाली बसतो, म्हणून यंत्रातील पाणी तापविणाऱ्या सळईवर पांढरी पुटे चढतात. आम्ही थंड पाण्यानेच धुतो. सळई बिचारी निवृत्त आहे. दाराच्या रबरी कड्यात मात्र समुद्रकाठच्या दमट हवेने बुरशी धरते. ते रोज पुसावे आणि दार किलकिले ठेवावे, याला उपाय नाही.

माझी खरी चिंता पुढची आहे. मामींच्या यंत्राचे बेअरिंग गेले तेव्हा असे कळले की, बाहेरचे प्लास्टिकचे पिंप दोन अर्धे कायमचे सांधून केलेले आहे. ते उघडत नाही. मुठीएवढ्या भागासाठी सबंध पिंप बदलावे लागले. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून धुलाईयंत्रांचे ठराविक सुटे भाग दहा वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन कारखानदारांवर घातले आहे. त्या यादीत बेअरिंगही आहे. परंतु ते पिंपासह एकत्र दिले तरी चालते! आपल्या केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. मामींना तेवढ्याने पिंप उघडून मिळाले नाही. बरे, ही यंत्रे सातासमुद्रापलीकडून येतात असेही नाही. श्रीपेरुंबुदूर आणि पुदुच्चेरी येथे त्यांचे कारखाने आहेत. तेथील अभियंत्यांपैकी कोणी तरी चेन्नईत वरच्या मजल्यावर राहत असेलच.

दाब वाढविणारा छोटा पंप बसवावा असे सर्वजण सुचवितात. त्याचा खर्च आहे, आवाज आहे, आणि घरमालकांची संमती अद्याप यावयाची आहे. तोवर आईने स्वतःच एक युक्ती काढली आहे. दुपारी यंत्र अडले की ती साबणाचा खण ओढते आणि त्यातून तांब्यातांब्याने पाणी ओतते. आठ-दहा तांबे झाले की तांबडा दिवा विझतो आणि पिंप फिरू लागते. हे काम आपण करू असे मी पुष्कळदा सांगून पाहिले. "तू फार भरभर ओततोस, ते घाबरते," असे तिचे म्हणणे. काल मात्र तिने तांब्या खाली ठेवून तो भंगारवाला या रस्त्याने कोणत्या वारी येतो, याची मामींकडे चौकशी केली.